शेवटच्या प्रश्नाला तुम्ही गप्प होतात

अहो आई,

गेल्या रविवारी, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला कळलं की तुम्ही अत्यंत शांत, मनमिळाऊ आणि मितभाषी होतात. एकामागून एक माणसं उठत होती, माइक हातात घेत होती आणि दोन शब्द म्हणून भरपूर बोलत होती. मितभाषी म्हणणारे गृहस्थ तुमच्या टेलिफोन खात्यातले. म्हणजे त्यांना तरी खरं ठाऊक असायला हवं होतं. मी पांढऱ्या साडीत पुढच्या रांगेत बसले होते. मी निखिलकडे बघितलं. तुमचाच मुलगा तो, मान खाली घालून त्याने हसू गिळलं.

सगळी नोकरी तुम्ही चौकशीच्या फोनवर केलीत. पलीकडून प्रश्न आला की इकडून उत्तर गेलंच पाहिजे, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. बसमध्ये कुणी कंडक्टरला विचारलं, डेक्कनला कधी पोचू, की उत्तर तुमचं. भाजीवाल्याला कुणी मेथीचा भाव विचारला, उत्तर तुमचं. मी लग्न होऊन अमरावतीहून या घरात आले तेव्हा पहिलं वर्षभर माझी ओळखसुद्धा मी स्वतः कुणाला करून दिली नाही. ती तुम्हीच करून द्यायचात, आणि माझ्यापेक्षा बरी.

तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्यांना ते जरा खटकत होतं. तुम्हाला खटकलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, नळ बंद कर आधी.

त्या नळाबद्दलच लिहायला बसले आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मी मोडली असं तुम्ही चारचौघांत सांगायचात. खरं तर माझ्या आईचा पाय मोडला होता. ती अमरावतीला प्लास्टरमध्ये, म्हणून आमच्या लेकीचा, मैत्रीचा, जन्म पुण्यात आणि माझं बाळंतपण कर्वेनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये, तुमच्या हाती. तुम्ही काही कमी केलं नाहीत. शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि पंखा बंद करून भर उन्हाळ्यात माझ्या कानाला रुमाल. लाडवांबद्दल माझी तक्रार नव्हती. मला त्यांची चव लागत नव्हती, एवढंच. मैत्रीला बघून सगळे म्हणायचे, काय गोड आहे, तुझ्यावरच गेली आहे. मी हो म्हणायचे. मला मात्र वाटायचं, एसटी स्टँडवर कुणीतरी 'जरा लक्ष ठेवा हं' म्हणून सामान ठेवून गेलं आहे आणि ते माणूस काही परत येत नाही.

बाथरूममध्ये नळ सोडून मी रडायचे. बाहेरून तुमचा आवाज यायचा, "प्रज्ञा, पाणी वाया जातंय." बाळाला घेऊन गॅलरीत जायची मला भीती वाटायची. कसली भीती, ते मी स्वतःलाही नीट सांगत नव्हते. तुम्ही निखिलला सांगितलंत की ही कपडे वाळत घालायचं टाळते. हेही खरंच होतं म्हणा.

मग दीड महिन्याची लस आली. बाळंतिणीने बाहेर पडू नये असं तुमचं म्हणणं, पण लस म्हणजे सरकारी काम, ते चुकवायचं नाही हेही तुमचंच म्हणणं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेलो. तोच दवाखाना, जिथे निखिलचा खोकला, तुमचं बीपी आणि शेजारच्यांचा कावीळ झालेला जावई एकाच बाकड्यावर बसायचे. डॉक्टरबाईंनी मैत्रीला सुई टोचली, ती रडली, तुम्ही तिला उचललंत. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता आईची तब्येत. गेल्या आठवड्यात कसं वाटलं तेवढंच विचारते. बाळाला घेऊन येते त्या प्रत्येकीला विचारते मी. झोप लागते?"

"लागते की," तुम्ही म्हणालात. "बाळ झोपलं की हीही आडवी होते."

"पूर्वीसारखं हसू येतं?"

"कालच मालिका बघताना हसली."

मालिका तुम्ही बघत होतात. मी भिंतीकडे बघत होते.

"कारण नसताना रडू येतं?"

"रडायचं काम सध्या बाळाकडे आहे."

डॉक्टरबाई हसल्या. "काकू, तुमची तब्येत मी पुढच्या वेळी विचारते. आत्ता जरा बाळाला पडद्यामागे वजनकाट्यावर घेऊन जाता?"

तुम्ही गेलात. पण पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आलं, "भूक चांगली आहे तिची!" डॉक्टरबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे बघत बसल्या. मग मी बोलले. स्टँडवरच्या सामानाचं सांगितलं, नळाचं सांगितलं, गॅलरीचं सांगितलं. पडद्यामागून अधूनमधून "अगं, असं काय," असं येत होतं, हळूहळू तेही थांबलं. शेवटी त्यांनी विचारलं, अगदी ताप कधीपासून आहे विचारावं तशा आवाजात, "स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं?"

या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. पडद्याखाली तुमच्या चपला दिसत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"येतं," मी म्हणाले.

डॉक्टरबाई दचकल्या नाहीत, त्यांनी मला देवाचं नाव घ्यायला सांगितलं नाही, बाळाकडे बघ म्हणाल्या नाहीत. आत्ता येतंय का, कधी येतं, घरात एकटी केव्हा असतेस, हे सगळं त्यांनी विचारलं. माझ्यासमोरच त्यांच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला, औषध ठरवलं. म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, आणि बरा होतो. एकटं राहायचं नाही, रोज फोन करायचा, आठवड्याने परत यायचं. विचार वाढले तर मी थांबणार नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात नेणार. नंतर मी पुष्कळदा विचार केला आहे की मानसोपचार अशी पाटी असलेल्या दारातून त्या दिवसांत मी आत गेलेच नसते. सर्दीखोकल्याच्या रांगेत बसून गेले, म्हणून गेले.

तुम्ही पडद्याबाहेर आलात आणि एकच विचारलंत, "अंगावर पाजलेलं चालेल?"

"चालेल. ते बघूनच औषध देते आहे."

घरी येईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कर्वेनगरात तेवढ्या अंतरात तुम्ही गप्प राहिल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग.

त्या दिवसापासून तुम्ही मला कधीही विचारलं नाहीत की कसं वाटतंय. एकदाही नाही. गॅलरीतले कपडे तुमचे झाले. गॅलरीच्या दाराला वर, हात पुरणार नाही अशी कडी बसली. निखिलला सांगितलंत, कबुतरं येतात. तुमची गादी आमच्या खोलीत आली आणि निखिलची हॉलमध्ये गेली. पहाटेचं दूध मी काढून ठेवायचं आणि तुम्ही वाटीचमच्याने पाजायचं, म्हणजे मला सलग झोप मिळेल, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तुम्ही ते सरकारी परिपत्रक असल्यासारखं पाळलंत. आणि रोज सकाळी बुद्धवंदना झाली की पाण्याचा पेला आणि गोळी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, "हिमोग्लोबिन कमी आहे. रक्त वाढायच्या गोळ्या आहेत." माझ्या आईलाही फोनवर तेच. माझ्या मावशीने तर मला अमरावतीहून बीट आणि खजूर पाठवले.

काही आठवड्यांनी एका सकाळी मी म्हटलं की लाडवात जायफळ जास्त झालंय. एरवी तुम्ही मला लाडवाचा इतिहास ऐकवला असता. त्या दिवशी तुम्ही काही न बोलता स्वयंपाकघरात गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. मला चव लागली होती, हे माझ्याआधी तुम्हाला कळलं.

आपलं भांडण त्यानंतरचं. मी पूर्ण बरी झाले, डॉक्टरबाईंनी गोळ्या हळूहळू कमी करून थांबवल्या, मी कामावर गेले. आणि मग मला तुमच्या त्या हिमोग्लोबिनचा राग यायला लागला. एकदा मी म्हटलंच, "आजारच होता ना? मग लपवायचं कशाला? लाज वाटत होती माझी?"

"लाज नाही. लोकांची तोंडं."

"रोज सकाळी पंचशील म्हणता. खोटं बोलणार नाही, हे चौथं. ते माझ्या वेळी कुठे ठेवलं होतंत?"

"खोटं कुठे? लोहाच्या गोळ्याही दिल्याच होत्या डॉक्टरांनी."

"दोन्ही होत्या. सांगितलीत तुम्ही एकच."

"विचारणाऱ्याला पुरेल एवढंच उत्तर द्यायचं असतं," तुम्ही म्हणालात, खात्यातल्या आवाजात. वर, "तुला सांगायचं तर तू सांग की. तुझं तोंड मी धरलंय?"

विषय तिथेच राहिला. मैत्री शाळेत जायला लागली तरी तो तिथेच होता. भाजी चिरताना कधीतरी मी टोमणा मारायचे, तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात. मला वाटायचं, या बाईला माझ्या आजाराचं नाव काढायचीसुद्धा किळस आहे. आणि मला वाटायचं, कधीतरी या कबूल करतील की दवाखान्यात उत्तरं देत सुटल्या ते चुकलं. तुमच्याकडून कबुली! माझाच भाबडेपणा.

आता रविवारचं सांगते.

भाषणं चालू होती तेव्हा मागच्या रांगेत कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. शर्वरी, आपल्या दुसऱ्या मजल्यावरची. तुम्हाला सांगायला नको, पण ती आपल्या लेकाला घेऊन आईबरोबर आली होती. तिची आई बाळंतपणासाठी संगमनेरहून आली आहे. पोरगी बाळाला घेऊन व्हरांड्यात गेली, तिच्या मागोमाग तिची आई, आणि मितभाषी तुम्ही हा विषय अजून संपला नव्हता म्हणून मीही पाणी द्यायच्या निमित्ताने उठले. शर्वरीचा चेहरा बघून मी थबकले. ते भिंतीकडे बघणं मी ओळखते.

"ताई, एक विचारू?" ती म्हणाली. "काकू त्या गोळ्यांमुळेच गेल्या का हो?"

"कुठल्या गोळ्या?"

"निखिलदादाच्या वेळी त्यांनी घेतल्या होत्या त्या. बाळंतपणानंतरच्या. मलाही त्याच चालू आहेत. म्हणजे होत्या."

तिची आई पुढे झाली. "मीच म्हटलं, बंद कर. काकूंनी वर्षभर घेतल्या म्हणे. अशी औषधं आत साठून राहतात. बसलं ना शेवटी हृदयावर? एवढी धडधाकट बाई."

तुमचं हृदय तुम्ही बीपीच्या गोळ्या चुकवून आणि लोणची चाखून घालवलंत, हे मी त्यांना नंतर सांगितलं. अहो आई, तुम्हाला हा आजार झाला नव्हता. निखिलच्या वेळची तुमची एकच तक्रार मी ऐकली आहे, ती म्हणजे रजा कमी मिळाली. मी शर्वरीला म्हटलं, काकूंनी तुला काय काय सांगितलं ते सांग.

तिने सांगितलं. लिफ्टमध्ये तिला रडताना बघून तुम्ही तिला गच्चीवर नेलंत. म्हणालात, मलाही असंच झालं होतं. नळ सोडून रडायचे. बाळाला घेऊन गॅलरीत जायला घाबरायचे. बाळ आपलं वाटायचंच नाही, स्टँडवर कुणीतरी ठेवून गेलेल्या सामानासारखं वाटायचं. गोळ्या घेतल्या, बरी झाले, बघ, उभी आहे. आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलात.

स्टँडवरचं सामान माझं होतं. डॉक्टरबाईंखेरीज कुणालाही मी ते सांगितलं नव्हतं. म्हणजे पडद्यामागे तुम्ही अक्षर न् अक्षर ऐकलंत, इतकी वर्षं जपून ठेवलंत, आणि माझं नाव काढून तिथे स्वतःचं घातलंत. डॉक्टरबाईंना खरं ठाऊक होतं, पण एका पेशंटचं दुसऱ्या पेशंटला सांगायचं नसतं, म्हणून त्या गप्प. मला आधी संताप आला. मला न विचारता! मग शर्वरी म्हणाली,

"आणि त्या म्हणायच्या, माझी सासू फार आगाऊ होती. डॉक्टरांनी मला विचारलं की उत्तर हिचं. एकही उत्तर बरोबर नव्हतं, म्हणाल्या. शेवटच्या प्रश्नाला गप्प बसली, तेव्हा कुठे तिला कळलं. त्याआधी दीड महिना पोरगी घरात बुडत होती आणि ही लाडू वळत होती."

तुमच्या सासूबाई तुमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

व्हरांड्यात मी खांबाला धरून उभी राहिले आणि रडले. नळ नव्हता, काही नव्हतं, मोठ्याने रडले. शर्वरीच्या आईला वाटलं, गोळ्यांचंच खरं असणार. आणि नेमकं तेव्हाच आतून माइकवर आवाज आला, "आता आईंच्या सूनबाई दोन शब्द बोलतील."

निखिलने मला काय बोलायचं ते लिहून दिलं होतं. कष्टाळू, स्वाभिमानी, बुद्धविचारांवर निष्ठा. सगळं खरंच होतं. मी तो कागद त्याच्याकडे परत दिला. समोर अमरावतीची मावशी, तुमच्या खात्यातली माणसं, अर्धी सोसायटी, मागे दारात शर्वरी आणि तिची आई. मी म्हटलं:

"आईंनी या इमारतीत सांगितलं होतं की निखिलच्या जन्मानंतर त्यांना मनाचा आजार झाला होता आणि त्यांनी त्याच्या गोळ्या घेतल्या. ते खोटं आहे. आजार मला झाला होता, मैत्रीच्या वेळी. मरून जावं असं वाटत होतं. आपल्या साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं म्हणून कळलं. गोळ्या मी घेतल्या, रोज सकाळी आईंच्या हातून. त्या गोळ्या घेणारी बाई मेलेली नाही. ती तुमच्यासमोर उभी आहे."

मावशीचा हातातला रुमाल हातातच राहिला. बिचारी, तिचे खजूर आठवले असतील. भंतेजी डोळे मिटून बसले होते, त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण विचारणाऱ्याला पुरेल एवढं झालं होतं. मी बसले.

रविवार होता. तरी डॉक्टरबाईंना फोन केला, त्यांनी संध्याकाळी दवाखाना उघडला. बाकडं तेच आहे, पडदा नवा आला आहे. औषध असं एकदम तोडायचं नसतं, हे त्यांनी शर्वरीच्या आईला न ओरडता समजावलं. मग खुर्ची शर्वरीकडे वळवली. "झोप लागते?"

"लागते की," तिची आई म्हणाली. "मी असते ना..."

मी बाळ उचललं, तिच्या आईचा दंड धरला आणि दोघांना वजनकाट्यापाशी घेऊन गेले. त्या बाईंनी पलीकडूनही दोन उत्तरं दिली. तुमची आठवण आली, खोटं कशाला बोलू, हसूच आलं. मग डॉक्टरबाईंनी तो शेवटचा प्रश्न विचारला. शर्वरी बोलेना. तिच्या आईने तोंड उघडलं. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. बाळ काट्यावर पाय झाडत होतं, आकडे वरखाली होत होते, आम्ही दोघी बघत उभ्या होतो.

"येतं," शर्वरी म्हणाली. तिचं तिने सांगितलं.

गोळ्या परत सुरू झाल्या आहेत. तिची आई आता तिच्याच खोलीत झोपते, सकाळी स्वतः पाण्याचा पेला भरते. शर्वरी रोज डॉक्टरबाईंना फोन करते आणि मलाही करते. अजून भिंतीकडे बघते, पण काल तिने माझ्या हातच्या भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. आज लिफ्टमध्ये तिच्या आईला कुणीतरी विचारलं, मुलगी कशी आहे, तर म्हणाल्या, "हिमोग्लोबिन जरा कमी आहे." मी शेजारीच उभी होते. काही बोलले नाही. सांगायचं तेव्हा शर्वरी सांगेल.

तुमचं खोटं मी भरसभेत मोडलं. रागावायचं तर रागवा. पण ती उत्तरं चुकीची होती, हे मला सोडून तुम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला सांगितलंत, तेही मेलेल्या सासूच्या नावावर. सरळ जिना उतरून स्वयंपाकघरात येऊन मला सांगता आलं नसतं? नसतंच आलं. तुम्हाला ओळखते मी.

उशिरा आला, दुसरीच्याच तोंडून आला, पण निरोप पोचला, अहो आई.